चाळीस सेकंदांची आक्का

१

धावण्याबद्दल लोक जे काही छान छान सांगतात, त्यातलं मला कधी काही झालं नाही. मन शांत होत नाही, नवे विचार सुचत नाहीत. अठराव्या किलोमीटरला डोकं म्हणतं, निंबा, पुरे आता, आणि मी निमूटपणे चालायला लागतो. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, चालताना केदार भेटला, त्याने मला धावणाऱ्यांच्या टोळीत ओढलं, एवढाच माझा इतिहास. वय शेहेचाळीस. नोकरी सुरतेत पांडेसऱ्याला, कापड रंगवणाऱ्या मिलच्या लॅबमध्ये. गिऱ्हाईक पार्टीने पाठवलेल्या तुकड्याशी आमचा रंग जुळला की नाही, हे दिव्याखाली धरून सांगणं हे माझं काम. डोळ्यांना दिसेल तेवढंच मानायचं, अशी सवय त्यातून लागलेली.

दर रविवारी पहाटे पाचला डुमस रोडवर जमायचं, केदार सांगेल तेवढं धावायचं आणि नऊच्या आत डिंडोलीला घरी. फेब्रुवारीत बेचाळीस किलोमीटरची शर्यत होती. नाव नोंदवून झालं होतं, आणि मी मूर्खासारखं ते मिलमध्ये सगळ्यांना सांगूनही बसलो होतो.

डोकं गप्प बसावं म्हणून कानात काय काय घालून पाहिलं. गाणी लावली, तर दहा किलोमीटरनंतर गायकाचाच राग यायला लागला. जुन्या सामन्यांची कॉमेंट्री लावली, तर विकेट पडली की माझे पायही पडायचे. एका साहेबाचं जोश भरणारं भाषण लावलं. तो इतका ओरडायचा की त्यालाच कुणीतरी पाणी द्यावं असं वाटायचं.

केदार जन्मापासून सुरतेतला, शाळेत मास्तर. तो म्हणाला, "पाय नाही रे थकत, डोकं थकतं. घरच्या माणसांचा आवाज भरून घे. माझी पोरगी कानात मला शिव्या घालते, मी मस्त दोडतो. चालशे, करून तर बघ."

२

बायकोचं रेकॉर्डिंग एका झटक्यात झालं. हर्षदा म्हणाली, "अहो, धावताय ना? मग धावा. येताना कोथिंबीर आणा, आणि दोन्ही मोजे धुवायला टाका, मागच्या खेपेला एकच आला होता." पुढे ती स्वतःच हसत सुटली.

आक्काचं मात्र जमेना. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, काशीबाई. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं ते सगळं तिने. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन परत आली आणि तेव्हापासून माझ्याजवळच आहे. घरात आम्ही दोघं अहिराणीत बोलतो, पळणं म्हणजे आमचं 'पयनं'. हर्षदा नाशिकची, तिला सगळं समजतं, बोलत मात्र नाही.

आक्का लसूण सोलत बसली होती. मी फोन तिच्यासमोर धरला.

"काय बोलू याले?" ती म्हणाली. "हाई काय मानूस शे?"

"मीच शे असं समज, आक्का. मी पयी पयी थकनू. आते काय सांगशी?"

तिने लसणाचे हात पदराला पुसले. मग माझ्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी जे करायची तेच केलं. दोन्ही तळवे फोनवरून फिरवले, जसे माझ्या तोंडावरून फिरवायची तसे, आणि म्हणाली, "पय रे मना भाऊ. तुना समदा शीण माले लागो." मग बोटं स्वतःच्या कानशिलांवर टेकवून कडाकडा मोडली.

चाळीस सेकंद. काचेवर तळवे घासल्याची खरखर, तिचा आवाज आणि शेवटी बोटांचा कडकडाट. प्रेमाचं माणूस हे आपल्यासाठी वर्षातून एकदा-दोनदा करतं. मी ती फाईल पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावली, आणि त्या रविवारी अडीच तास ऐकली.

३

चोवीस किलोमीटर मी न थांबता धावलो.

हे मला अभिमानाने सांगायचं होतं, पण धाव संपताच केदारने हात धरून थांबवलं आणि माझा टी-शर्ट चिमटीत धरून पाहिला. ऑक्टोबर महिना होता. सुरतेत ऑक्टोबरमध्ये नुसतं उभं राहिलं तरी घामाच्या धारा लागतात. माझा टी-शर्ट कोरडा होता.

"घड्याळ बघू," तो म्हणाला. नाडीचे ठोके चौऱ्याऐंशी. सोफ्यावर बसून चहा पिताना असतात तेवढे.

"बिघडलंय घड्याळ," मी म्हणालो.

"अने टी-शर्ट पण बिघडला?" केदार हसला. मीही हसलो. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

घरी आलो तेव्हा आक्का झोपली होती. आक्का सकाळी पावणेनऊला झोपलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. पंखा पाचावर होता, केस ओले होते.

"काय व्हयनं?"

"माले काय धाड भरनी शे? न्हायनू, जरा डोया लागना," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. न्हाणीघरात गेलो तर बादली पालथी आणि फरशी ठणठणीत कोरडी होती. केस कशाने ओले झाले असतील, हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलंच नाही.

४

पुढच्या दोन रविवारी मी तीच फाईल लावली. दुसऱ्या रविवारी, विसाव्या किलोमीटरच्या आसपास, मला आक्काला धाप लागलेली ऐकू आली. "पय रे" म्हणून ती थांबायची, श्वास घ्यायची, मग "मना भाऊ". पुढच्या फेरीत श्वास आणखी मोठा. पंचविसाव्या किलोमीटरला शब्द तुटायला लागले. तळव्यांची खरखर तशीच होती, फक्त माणूस दमत चाललं होतं.

घरी येऊन तीच फाईल लॅपटॉपवर वाजवली. आवाज शांत, सरळ, चाळीस सेकंद. तारीखही तीच, लसूण सोलला त्या दिवसाची.

आता मी लॅबचा माणूस. वाऱ्यात, पावलांच्या ठोक्यात, कानातल्या यंत्रात आवाज फाटू शकतो, असं मी स्वतःला समजावलं. तरी खात्री करावी म्हणून पुढच्या रविवारी कानात काही न घालता धावलो. बाराव्या किलोमीटरलाच जीभ बाहेर आली. घामाने बूट पचपचले. घरी आलो तर आक्का ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती आणि हर्षदाच्या मिसळणाच्या डब्यात हळद संपल्याबद्दल तिला चिडवत होती.

त्याच्या पुढच्या रविवारी फाईल लावली. आक्का झोपलेली. केस ओले.

मी कागदावर लिहून काढलं. लावली तेव्हा हे, नाही लावली तेव्हा ते. मग कागद फाडला. इतक्याशा नमुन्यांवर मी मिलमध्ये कापडाचा एक ताकासुद्धा पास करत नाही. वय झालंय तिचं, रविवारी उशिरा उठत असेल, एवढंच. असं मी म्हणालो, आणि मला त्यावर विश्वास ठेवायचा होता. कारण शर्यत जवळ आली होती आणि फाईलशिवाय मी बारा किलोमीटरचा गडी होतो.

ही गोष्ट मला लिहायला लाज वाटते, पण शंका आल्यावरही मी ती फाईल आणखी एकदा लावली. शर्यतीआधीची सगळ्यात लांब धाव, बत्तीस किलोमीटर. एकदाच, असं ठरवून लावली. कानातली आक्का शेवटी शेवटी बोलतच नव्हती, नुसती धापा टाकत होती. आणि मी शेवटचे दोन किलोमीटर आवाज कमी करून धावलो.

५

त्या दिवशी घरात शिरलो तर हर्षदा आक्काच्या पायांपाशी बसली होती. आक्काचे पाय तिच्या मांडीवर होते.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "हे बघा."

दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती. उजव्या पायाचं करंगळीजवळचं नख सुटायला आलं होतं. टाचांना पाण्याने भरलेले फोड. लांब धावणाऱ्यांचे पाय असे होतात. बूट पुढे घासतात, नखाखाली रक्त साकळतं. केदारची नखं मी पाहिली आहेत, आमच्या टोळीतल्या प्रत्येकाची पाहिली आहेत. माझी मात्र नव्हती झाली. मी तिथेच खाली बसून मोजे काढले. बत्तीस किलोमीटर धावलेले माझे पाय बाळासारखे गुलाबी होते.

मी मोजे तिथेच टाकून फोडांवर लावायचं मलम शोधायला उठलो.

"चप्पल घट्ट व्हती," आक्का मागून म्हणत होती. "उगाच काय घाबरी राहिनात तुम्ही?"

आक्काची चप्पल दोन महिने दाराशी त्याच जागी होती. ती घराबाहेर पडते ती फक्त खालच्या मजल्यावर भाजीवाली आली तर, तेही अनवाणी.

त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटऱ्या दाबल्या, तपासणीचे कागद पाहिले आणि विचारलं, "मावशी, रोज खूप चालता का? स्नायू ताणलेत. या वयात एवढं नका करू."

आक्का माझ्याकडे बघून हसली. लहानपणी माझी चूक स्वतःवर घेऊन वडिलांपुढे उभी राहायची, तेव्हा असंच हसायची.

६

रात्रीचं जेवण होईपर्यंत मी थांबलो नाही. संध्याकाळीच तिच्या खोलीत गेलो.

"आक्का, रविवारी तुले काय व्हस?"

ती म्हणाली, "सपन पडस. लांब रस्ता शे. एक बाजूले खारं पानी. मी पयी राहिनू."

डुमस रोड तिने कधी पाहिलेला नाही. सुरतेत येऊन तीस वर्षं झाली, तिने समुद्र पाहिलेला नाही.

"अन तू मना मांगे शे," ती म्हणाली. "सांगस, थांबू नको आक्का, थांबू नको."

असं मी कधी म्हणालो नव्हतो. तोंडाने तर नाहीच. पण आवाज कमी करून शेवटचे दोन किलोमीटर धावलो, तेव्हा मनात दुसरं काय होतं?

मी फोन काढला, तिच्या डोळ्यांसमोर ती फाईल पुसली, कचऱ्याच्या खणातूनही पुसली. म्हटलं, "आते बस. शर्यतले मी मना पायवर जासु. जठे थकसु तठे बससु. तू काही करानं नही. मनी शपथ."

"बरं," आक्का म्हणाली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी घाबरून मागे सरलो. ते तिला लागलं असावं. तिने हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिली. "चाळीस वरीस हाई करनू, तवय तुले चालनं," ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, संपलं. मी किती गाढव होतो! मी नक्कल पुसली होती. अस्सल घरातच बसली होती.

७

शर्यत पहाटे साडेपाचला सुटली. कानात काही नव्हतं. निघताना हर्षदाला बजावलं होतं, आक्कावर लक्ष ठेव, एकटी सोडू नकोस. तिने साडेसहाला मेसेज टाकला: आक्का ठीक, चहा घेतला, पोहे करतायत.

चौदाव्या किलोमीटरला दम लागला. विसाव्याला केदार मागे पडला, त्याचा गुडघा कुरकुरत होता. चोविसाव्याला माझ्या मांड्यांत आग पेटली, आणि काय सांगू, मला इतका आनंद झाला! दुखत होतं. घाम डोळ्यांत जाऊन झोंबत होता. हे सगळं माझं होतं आणि माझ्याकडेच होतं. चालत, लंगडत, पुन्हा धावत मी पुढे सरकत राहिलो.

एकतिसाव्या किलोमीटरच्या पाटीजवळ, डाव्या हाताला पाण्याचं टेबल होतं तिथे, दुखणं थांबलं.

हळूहळू कमी झालं असं नाही. एका पावलाला होतं, पुढच्याला नव्हतं. छातीतला भाता गप्प झाला. कपाळावर वारा लागला आणि घाम वाळायला लागला. पाय आपोआप वेगाने पडू लागले. मी घड्याळाकडे पाहिलं. एकशे बासष्टवरून आकडा खाली येत होता, एकशे वीस, शंभर, चौऱ्याऐंशी.

मी जागच्या जागी थांबलो. फोनचा पट्टा उघडेना, तो मी दाताने ओढून सोडवला.

८

"हर्षदा, आक्का कुठे?"

"आत आहेत. आत्ताच गेल्या. भाजी परतता परतता एकदम म्हणाल्या, त्याले जड जाई राहिनं, आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. मी हाका मारतेय. अहो, आत धपधप आवाज येत होता. कुणीतरी पळत असल्यासारखा. आत्ता थांबला."

"कधी थांबला?"

"तुमचा फोन यायच्या आधी. क्षणभर."

मी थांबलो तेव्हा.

"गॅलरीच्या खिडकीतून बघ," मी म्हणालो. "लवकर."

तिची पावलं, गॅलरीचं दार, खिडकीचा पल्ला ओढल्याचा आवाज. माझ्या शेजारून लोक धापा टाकत जात होते. पाण्याच्या टेबलावरची कॉलेजची मुलगी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत ओरडली, "चालो काका, चालो! थोडुंज बाकी छे!"

"हर्षदा?"

"पलंगावर बसल्यात." तिचा आवाज मी ओळखला नसता. "पाय खाली सोडून. डोळे मिटलेत. हात कानशिलांवर आहेत. घामाने निथळतायत. अहो, त्यांचा पलंग उंच आहे ना... त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत हो. पण फरशीवर..."

"फरशीवर काय?"

आत काय दिसलं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

"तुम्ही हलू नका," ती म्हणाली. "ऐकताय ना? चालत येऊ नका, गाडीपर्यंतसुद्धा जाऊ नका. कुणाला तरी उचलून न्यायला सांगा. एक पाऊल टाकू नका. मी शेजारच्यांना बोलावून दार तोडते."

"नाही हलत," मी म्हणालो. दोन्ही पाय जुळवून, शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसा मी उभा राहिलो. फोन कानाला घट्ट लावला होता. गुडघ्यांत साधी कळसुद्धा नव्हती. मी त्या मुलीला खूण करणार होतो की कुणाला तरी बोलाव, मला उचला. तोंड उघडलंही होतं.

मागून माझ्या काखेत एक हात घुसला.

"निंब्या! थांबला काय लेका!" केदार होता. लंगडत होता, लाल झाला होता आणि मला पाहून त्याला अतोनात आनंद झाला होता. "अकराच राहिलेत! फोन ठेव, चल, मी आहे!" आणि त्याने मला पुढे ओढलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते त्याला कळलं नाही, त्याला वाटलं दुखतंय. पडू नये म्हणून माणूस पाय टाकतो, तसे माझे पाय पडले. एक. फोनमधून धप्प असा आवाज आला. दोन. हर्षदा किंचाळली, "थांबा, अहो थांबा!" तीन. मी केदारला ढकललं, आणि ढकलताना तोल जाऊन चौथं पाऊल पडलं.

चार. मी मोजली आहेत.

फोनमध्ये एकदम शांत झालं. केदार रस्त्यावर बसून माझ्याकडे तोंड वासून बघत होता. मी हाक मारली, आक्का, आक्का, आणि पलीकडून कुणी काही बोलेना.

मग माझ्या डाव्या पोटरीत दुखायला लागलं.